समोरच्या घराची तिण्णै

वाड्याच्या कागदांवर सह्या झाल्या आणि आठव्या दिवशी आम्ही बडोदं सोडलं. नवजीवन एक्सप्रेसनं चेन्नई, तिथून समुद्राच्या कडेकडेनं जाणाऱ्या रस्त्यानं बसनं पाँडिचेरी. ह्यांना कित्येक वर्षांपासून समुद्राजवळ राहायचं होतं. आम्हा बडोदेकरांचा समुद्र म्हणजे सुट्टीतलं डुमस नाहीतर तिथल. सकाळी जायचं, भजी खायची, रात्री घरी. मला मात्र समुद्राची तेवढी ओढ नव्हती. मला वाड्यापासून लांब जायचं होतं.

दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचा वाडा. सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेला. मधे चौक, चौकात तुळस, ओसरीवर पितळी कड्यांचा झोपाळा आणि दिंडी दरवाजाबाहेर, रस्त्याला लागून, काळ्या दगडाच्या फरशांचा ओटा. त्या ओट्यावर माझी अडतीस वर्षं गेली. तिथं भाजी निवडली, शाळेच्या वह्या तपासल्या, सासूबाईंच्या शेवटच्या आजारात येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांची तब्येतही तिथंच बसून सांगितली. दोघे दीर, दोघी नणंदा, सगळ्यांचं एकमत झालं की आता डागडुजी झेपत नाही, जागा बिल्डरला द्यावी आणि प्रत्येकाच्या वाट्याला फ्लॅट यावा. चूक कुणाची नव्हती. पावसाळ्यात माजघरात चार ठिकाणी घमेली ठेवावी लागत होती. माझी सही कागदावर लागत नव्हती, पण ह्यांनी मला विचारलं होतं आणि मी ‘हो’ म्हटलं होतं. ते ‘हो’ मला रात्री झोपू देईना.

बाळंतिणीला सव्वा महिना देतात. तेवढा मी मागून घेतला.

पाँडिचेरीच का, तर तेही दांडिया बाजारामुळेच. आमच्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर अरविंद घोषांचं घर आहे. मूळचा तो खासेराव जाधवांचा बंगला. १८९३ साली अरविंद इंग्लंडहून परतले ते थेट सयाजीराव महाराजांच्या नोकरीत, आणि तेरा वर्षं बडोद्यात राहिले. कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकवलं, काही काळ फ्रेंचही शिकवलं. मराठी आणि गुजराती ते आमच्या गावात शिकले. १९०८ च्या जानेवारीत ते पुन्हा बडोद्याला आले, तेव्हा सरदार मजुमदारांच्या वाड्याच्या माडीवर, विष्णु भास्कर लेले या मराठी योग्यासमोर ते तीन दिवस बसले आणि मन पूर्ण शांत होणं म्हणजे काय ते त्यांना तिथं कळलं. पुढं दोन वर्षांनी, ४ एप्रिल १९१० ला, ते आगबोटीनं पाँडिचेरीला उतरले. फ्रेंचांचा मुलूख, इंग्रजांचा हात तिथं पोचत नव्हता. मग १९५० मध्ये देह ठेवेपर्यंत त्यांनी ते गाव सोडलं नाही. मी मराठी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. शाळेची वाट त्या बंगल्यावरून जायची. आमच्या राजधानीतून निघालेला माणूस दुसऱ्या एका राजधानीत जाऊन चाळीस वर्षं कसा थांबला, हे मला त्या फाटकापाशी अनेकदा वाटून गेलं होतं. शाळेची घंटा व्हायची, विचार तिथंच राहायचा.

आम्ही खोल्या घेतल्या त्या तमिळ वस्तीत. पाँडिचेरीच्या मधून एक कालवा जातो, त्याच्या पूर्वेला समुद्राकडे जुनी फ्रेंच वस्ती आणि पश्चिमेला तमिळ वस्ती. समुद्राकडचं भाडं सव्वा महिन्यासाठी परवडणारं नव्हतं. आता वाटतं, बरंच झालं.

पहिला आठवडा आम्ही पाहुण्यांसारखे वागलो. सगळं बघितलं. पिवळ्या भिंती आणि बोगनवेली, निळ्या पाट्यांवर तमिळ आणि फ्रेंचमध्ये लिहिलेली रस्त्यांची नावं, रू द्यूमा, रू स्युफ्राँ, रू रोमाँ रोलाँ. लाल टोपीतले पोलीस. १८३६ चं जुनं दीपगृह. अरविंदांच्या आश्रमाच्या अंगणातली त्यांची समाधी, तिच्यावर पसरलेलं पिवळ्या फुलांचं झाड, आणि शेकडो माणसं असूनही पावलांचाही आवाज न होणारी ती जागा. ऑरोव्हिलला एक दिवस गेलो. तिथं त्या दिवशी फार गर्दी होती, मी त्याबद्दल काही लिहिणार नाही.

आठव्या दिवशी बघायचं संपलं. ह्यांनी दोन वर्तमानपत्रं वाचून संपवली आणि विचारलं, “आता काय करायचं गं?”

मला खरंच माहीत नव्हतं. आम्ही आयुष्यात चार-पाच दिवसांपेक्षा मोठी सुट्टी घेतलेली नव्हती. लग्नं, बारशी, परीक्षा, सासूबाईंचं औषधपाणी यांच्या मधल्या फटीत जेवढं बसेल तेवढं फिरणं. रिकामा दिवस हातात आला की अंगावर येतो. दुसऱ्या आठवड्यात मला घर इतकं आठवलं की तिकिटं बदलावी असं दोनदा मनात आलं. त्यातून संक्रांत तोंडावर. बडोद्याची उत्तरायण जिनं बघितली नाही तिला काय सांगू! गच्च्यांवर रात्रभर जाग, मांजा, उंधियू, जिलबी, आणि सकाळी मांडवीवर आकाश दिसत नाही इतके पतंग. वाड्याच्या गच्चीवर ती शेवटची उत्तरायण होती आणि मी तिथं नव्हते.

तेरा जानेवारीला पहाटे धुराच्या वासानं जाग आली. खिडकीतून पाहिलं तर गल्लीत जागोजागी छोट्या शेकोट्या पेटल्या होत्या आणि बायका जुन्या चटया, फाटक्या केरसुण्या, सुपं त्यात टाकत होत्या. समोरच्या घरातली म्हातारी माझ्याकडे बघून हसली आणि एकच शब्द म्हणाली. “भोगी.”

मी खिडकीतच उभी राहिले. भोगी! घरी असते तर बाजरीची भाकरी, तीळ, भोगीची भाजी. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ म्हणत सासूबाई सगळ्यांना वाढायच्या. शब्द तोच, दिवस तोच. आमच्याकडे त्या दिवशी रांधतात, इथं जाळतात. मी खाली गेले. तिला काय हाक मारावी कळेना, म्हणून तोंडाला आली ती मारली, “अक्का.” तिनं मान डोलावली. तमिळमध्ये मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात, मोठ्या भावाला अण्णा. त्या सकाळपासून मला त्या गल्लीत भाषा नव्हती, पण नाती होती.

अक्काला हिंदी येत नव्हतं, मला तमिळ येत नव्हतं. तिला थोडं फ्रेंच येई, कारण तिचे यजमान फ्रेंच सैन्यात होते. पाँडिचेरीत अशी बरीच घरं आहेत. लोक त्यांना सोल्दा म्हणतात. फ्रान्सचं निवृत्तिवेतन त्यांना अजून मिळतं, काहींकडे फ्रान्सचं नागरिकत्व आहे आणि तिथल्या निवडणुकीत ते इथून मत देतात. १४ जुलैला, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, पदकं लावून ते युद्धस्मारकापाशी जातात. अक्काच्या दिवाणखान्यात एका भिंतीवर मुरुगन, म्हणजे आपला कार्तिकेय, आणि दुसऱ्या भिंतीवर गणवेशातले तरुण यजमान, दोघांनाही रोज मोगऱ्याचा गजरा. तिची नात कॉलेजात शिकते, ती असली की इंग्रजीतून आमचं बोलणं व्हायचं. नसली की हातवारे.

आणि तिच्या घराबाहेर तिण्णै होती.

तिण्णै म्हणजे आपला ओटाच. रस्त्याला लागून, दाराच्या दोन्ही अंगांना, हातभर उंचीचा बसका चौथरा, वर उतरतं कौलारू छप्पर, पुढं लाकडी खांब. जुन्या तमिळ घरांना ती असायचीच, आणि घरं एकमेकांना चिकटून असल्यानं सबंध गल्लीला उन्हापावसात सलग सावली मिळायची. आता बऱ्याच जणांनी जाळ्या लावून तिथं स्कूटर ठेवल्या आहेत. अक्काची मोकळी होती. फुलवाली तिथं टोपली टेकवायची, कुरियरचा पोरगा घाम पुसायचा, उन्हाच्या वेळी कोणी अनोळखी माणूस आडवा होऊन झोपायचा आणि उठून निघून जायचा. कुणी कुणाला विचारत नसे. पहिल्या दिवशी मी तिथं बसले तेव्हा काळ्या, गुळगुळीत झालेल्या त्या कडेवर नकळत हात फिरवला आणि वीत टाकून मोजली. मापाची सवय बोटांना होती. आमचा ओटा हिच्यापेक्षा दोन वितींनी मोठा.

त्यानंतर तिकिटं बदलायचं डोक्यातून गेलं.

पोंगलच्या दिवशी अक्कानं अंगणात नव्या मडक्यात तांदूळ, गूळ, दूध उतू जाईपर्यंत शिजवलं आणि उतू गेलं तसं सगळी गल्ली “पोंगलो पोंगल” म्हणून ओरडली. आमच्याकडे दूध उतू गेलं की जीव हळहळतो. इथं ते उतू जायलाच हवं. मी बडोद्याहून आणलेले तिळगूळ वाटले. तमिळमध्ये ‘गोड बोला’ कसं म्हणायचं ते नातीनं शिकवलं, पण माझ्या तोंडून आलं त्यावर सगळ्या इतक्या हसल्या की त्यातच सारं आलं.

आता एक गोष्ट, जी मला तीस वर्षं शिकवूनही दिसली नव्हती. चौदा जानेवारी म्हणजे पानिपत. दरवर्षी वर्गात मी ती तारीख फळ्यावर लिहायची, १४ जानेवारी १७६१. लाख बांगडी फुटली. दमाजी गायकवाड तिथून जिवंत परतले म्हणून पुढचं बडोदं उभं राहिलं, हे मुलांना आवर्जून सांगायची. पोंगलच्या तिसऱ्या दिवशी, सोळा तारखेला, सगळं गाव नटूनथटून समुद्राकडे निघालं. आम्हीही निघालो. वाटेत मोठ्या बाजाराजवळ आनंद रंग पिळ्ळै यांची जुनी हवेली लागते. ते फ्रेंच गव्हर्नर द्यूप्लेचे दुभाषी. १७३६ पासून पंचवीस वर्षं त्यांनी तमिळमध्ये रोजनिशी लिहिली. कोणतं जहाज लागलं, कापडाचा भाव काय, गव्हर्नरच्या बायकोनं काय केलं, सगळं. ह्यांनी सहज विचारलं, “ही रोजनिशी संपते कधी?” मी म्हटलं, १७६१ च्या जानेवारीत, ते गेले तेव्हा. आणि म्हणता म्हणता थांबले. त्याच महिन्यात, सोळा तारखेला, आयर कूटच्या इंग्रज फौजेनं पाँडिचेरी घेतलं होतं. पानिपतानंतर दुसऱ्याच दिवशीच्या दुसऱ्या दिवशी. उत्तरेत आम्ही पडलो आणि दक्षिणेत फ्रेंच पडले, आणि पुढची दोन शतकं हिंदुस्थानचं काय होणार ते त्या तीन दिवसांत बरंचसं ठरलं. दोन्ही धडे मी वेगळ्या महिन्यात शिकवायची. पानिपत मराठ्यांच्या प्रकरणात, पाँडिचेरी युरोपियनांच्या प्रकरणात. माझ्या विद्यार्थ्यांना हे शेजारी ठेवून दाखवायला हवं होतं. ते राहून गेलं, आणि ते मला लागलं.

इंग्रजांनी शहर घेतलं आणि मग पाडलं. किल्ला, वाडे, चर्च, सगळं जमीनदोस्त. १७६३ च्या तहानं जागा परत मिळाली तेव्हा फ्रेंचांच्या हाती दगडविटांचे ढीग आले. त्यांनी जुन्याच रस्त्यांच्या रेषांवर ते पुन्हा उभं केलं. आज ज्या पिवळ्या भिंतींचे फोटो लोक काढतात, त्या सगळ्या त्या पडझडीनंतरच्या.

मराठ्यांचा हात तर या मातीला त्याहून आधी लागलेला. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये जिंजी घेतला, तो इथून सत्तर किलोमीटरच्या आसपास. राजाराम महाराज तिथं आठ वर्षं वेढ्यात तग धरून राहिले. डचांनी १६९३ मध्ये पाँडिचेरी घेतलं, त्याआधी त्यांनी जिंजीच्या दरबाराकडून या जागेवरचे हक्क विकत घेतले होते. म्हणजे एकेकाळी या समुद्रकाठाच्या विक्रीवर मराठी शिक्का होता. आम्ही जिंजीला गेलो. २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांतला महाराष्ट्राबाहेरचा हा एकटा. राजगिरी या तिथल्या मुख्य डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून वर बघितलं की वाटतं, इथं कोण चढणार. ह्यांचे गुडघे म्हणाले नाही. मी अर्ध्यावरून परतले. समुद्रावरच्या गांधीजींच्या पुतळ्याभोवती जे आठ नक्षीदार दगडी खांब आहेत ते जिंजीहूनच आणलेले. परतल्यावर संध्याकाळी मी त्यातल्या एकाला टेकून बसले.

समुद्राबद्दल लिहायलाच हवं. आमचा पश्चिमेचा समुद्र सूर्य गिळतो, हा सूर्य देतो. संध्याकाळी सहापासून सकाळी साडेसातपर्यंत समुद्रावरच्या रस्त्यावर वाहनं बंद असतात. साडेपाचला उठून आम्ही निघायचो. अंधारात गल्लीतल्या बायका उंबऱ्यासमोर सडा घालून कोलम काढत असायच्या, तांदळाच्या पिठाची बोटं सरसर ठिपक्यांभोवती फिरायची. कालवा ओलांडायचा, मग पाव भाजल्याचा वास, मग खारा वारा. काठाला मोठाले काळे दगड टाकले आहेत. मला ते पहिल्यांदा मूळचेच वाटले होते. रोज भेटणाऱ्या एका वृद्ध अण्णांनी सांगितलं की त्यांच्या लहानपणी इथं वाळू होती, ते तिथं कबड्डी खेळायचे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिणेला बंदर झालं, त्याच्या भिंती समुद्रात गेल्या. या किनाऱ्यावर वाळू वर्षभरात दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत असते. भिंतीनं ती अडवली आणि गावापुढची वाळू लाटांनी नेली, मागून नवी आली नाही. गाव वाचवायला दगड टाकावे लागले, तर पुढच्या कोळीवस्त्या खचू लागल्या. अलीकडे समुद्रात तळाशी पोलादी पाचर बसवली, तेव्हापासून एका भागात वाळू पुन्हा धरू लागली आहे. अण्णा रोज तिथं चपला काढून उभे राहायचे. एकदा त्यांनी आम्हालाही काढायला लावल्या.

सकाळ उगवली की मासळी बाजार. वंजरम म्हणजे आपली सुरमई, हे कळल्यावर माझं जेवण सुधारलं. मग इडली नाहीतर वेण्पोंगल, ती तर आपली मुगाची मऊ खिचडीच, वर मिरी आणि तुपात तळलेले काजू. डवऱ्यातून, म्हणजे पसरट वाटीतून, पेल्यात आणि पेल्यातून डवऱ्यात ओतत प्यायची कॉफी ह्यांना दहाव्या दिवशी जमली. दुपारी झोप. संध्याकाळी मणक्कुळ विनायगर. समुद्रकाठच्या वाळूतल्या तळ्यावरून पडलेलं नाव, फ्रेंच यायच्या आधीचा गणपती. तिथली लक्ष्मी हत्तीण २०२२ च्या नोव्हेंबरात गेली, तर तिच्याबद्दल फुलवाले अजून घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. रात्री एका मैदानात म्हातारे फ्रेंच पद्धतीनं लोखंडी गोळे फेकत असायचे, अगदी गोट्यांसारखा डाव. हे तिथं तासभर उभे राहायचे. एके दिवशी एकानं ह्यांच्या हातात गोळा दिला.

कितीतरी दिवस असेच गेले, त्यांचं वेगळं सांगण्यासारखं काही नाही. तेच मला हवं होतं.

या गावाचं राजधानीपण मी रोज थोडं थोडं बघत होते. १८ ऑक्टोबर १९५४ ला किळूर गावात १७८ लोकप्रतिनिधींनी मत दिलं, १७० जण भारताच्या बाजूनं, आणि १ नोव्हेंबरला फ्रेंचांनी कारभार सोपवला. आमचं बडोदं त्याआधीच, १ मे १९४९ ला, मुंबई राज्यात विलीन झालं होतं. पाँडिचेरी राजधानी राहिली, कारैकाल, माहे, यानम सांभाळणारी. बडोदं राहिलं नाही. पण राजधानीचं गाव चालताना कळतं. कुणीतरी नकाशा समोर घेऊन विचार केलेला असतो, गटार कुठून जाईल, बाग कुठं, ग्रंथालय कुठं. सयाजीरावांनी आमच्यासाठी तो विचार केला. दांडिया बाजार, रावपुरा, सूरसागर, सगळ्यांत तो दिसतो. आणि एकेक वाडा खाली येतो तसा थोडा थोडा दिसेनासा होतो. यात मी आता होते, हे लपवून काय उपयोग?

मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यात, समुद्रावरच्या मेरीसमोर बसलो होतो. मेरी म्हणजे फ्रेंचांचं नगरभवन, पांढरी, खांबांची, देखणी इमारत. अण्णा म्हणाले, “ही नवी आहे.” मला वाटलं चेष्टा करतात. मग त्यांनी सांगितलं. जुनी इमारत दुर्लक्षानं खिळखिळी झाली होती, २०१४ च्या नोव्हेंबरातल्या पावसात ती कोसळली. काही वर्षांनी त्याच जागी, जुन्या फोटोंवरून आणि नकाशांवरून, तशीच पुन्हा बांधली. अण्णांना विचारलं, तुम्हाला ती खोटी नाही वाटत? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, आत गेलं की वाटते. पण इथं बसून बघताना सावली तिथंच पडते जिथं पूर्वी पडायची.

घरी परतताना मी ह्यांच्याशी बोलले नाही. गल्लीत आल्यावर अक्काच्या तिण्णैवर बसले. नात घरी होती. मी तिला विचारायला सांगितलं, शेजारच्यांनी बंद केली, तुम्ही का नाही केली? अक्कानं उत्तर लगेच दिलं, नातीला भाषांतराला वेळ लागला. “आज्जी म्हणते, आत आमचं आहे. ही आमची नाही, येणाऱ्याची आहे. आम्ही फक्त पुसतो.”

मी तिथूनच धाकट्या भाऊजींना फोन लावला. बडोद्यात ते गच्चीवर होते, मागं कावळ्यांचा गलका ऐकू येत होता.

“पाडायला कधी घेणार आहेत?” मी विचारलं.

“होळीनंतर म्हणतात वहिनी. का? सगळं ठीक ना?”

“झोपाळा आणि दिंडी दरवाजा मी ठेवून घेणार आहे. आणि ओट्याच्या फरशांना कुणाला हात लावू देऊ नका.”

“वहिनी, फरशा फ्लॅटमध्ये कुठं लावणार?”

“फ्लॅटमध्ये नाही. खाली, रस्त्याच्या कडेला. कंपाउंडच्या बाहेर. बसायला. बिल्डरशी तुम्ही बोला, नाहीतर आल्यावर मी बोलते. नकाशा अजून मंजूर व्हायचाय ना?”

ते काही बोलले नाहीत. कावळे ऐकू येत राहिले. मग त्यांनी आत कुणालातरी कागद-पेन्सिल आणायला सांगितलं.

“लांबी किती असेल हो ओट्याची?”

मी अक्काच्या तिण्णैच्या कडेवरून हात उचलला.

“साडेअकरा फूट,” मी म्हटलं. “लिहून घ्या.”